संगणक विषयातील प्रात्यक्षिक कार्याचे गुणदान : धाराशिव जिल्ह्यातील माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :

शालेय स्तरावर संगणक विषयातील कार्याचे गुणदान प्रामुख्याने छापील प्रत, प्रात्यक्षिक वही आणि वस्तुनिष्ठ प्रश्न या तीन आधारांवर केले जाते. हे तिन्ही आधार कामाचे फलित दाखवितात. ते फलित कोणी, कसे आणि किती समजून निर्माण केले हे दाखवीत नाहीत. जेथे एका संगणकावर दोन-तीन विद्यार्थी बसतात आणि काही विद्यार्थ्यांच्या घरी संगणक असतो तर बहुतेकांच्या नसतो, तेथे ही उणीव केवळ तांत्रिक राहत नाही. ती न्यायाची उणीव ठरते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील श्रेणी व गुणव्यवस्थेचा थोडक्यात आढावा घेऊन धाराशिव जिल्ह्यासारख्या ग्रामीण परिसरातील संगणक कक्षाच्या मर्यादेत राबविता येईल अशी निरीक्षणाधारित गुणदानाची रीत मांडली आहे.

बीजसंज्ञा : प्रात्यक्षिक, गुणदान, आकारिक मूल्यमापन, सप्रमाणता, विश्वसनीयता, बदल-चाचणी.

प्रस्तावना :

मूल्यमापन हा अध्यापन प्रक्रियेचा अविभाज्य घटक होय. भाषा, गणित, इतिहास या विषयांच्या मूल्यमापनाला दीर्घ परंपरा आहे. उत्तरपत्रिका कशी तपासावी, पायरीनिहाय गुण कसे द्यावेत, निबंधात कशाला महत्त्व द्यावे याविषयी शिक्षकवर्गात एक सर्वसाधारण सहमती दिसते. संगणक हा विषय मात्र शाळेत उशिरा आला. तो आला तेव्हा त्याच्यासोबत यंत्रे आली, पाठ्यपुस्तके आली, अभ्यासक्रम आला. परंतु विद्यार्थ्याच्या कामाला गुण कसे द्यावेत याची परंपरा आली नाही. ती विज्ञानाच्या प्रयोगवहीकडून उसनी घेण्यात आली. संगणकाचे काम आणि प्रयोगवही यांचा स्वभाव भिन्न असल्याने ही उसनवारी अनेक ठिकाणी अपुरी पडते.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला अधिक महत्त्व प्राप्त होते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परांडा या आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,५७,५७६ इतकी होती आणि त्यातील पाचपैकी चाराहून अधिक व्यक्ती ग्रामीण भागात राहत होत्या. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली व वाशिम यांच्यासोबत या जिल्ह्याची निवड झाली. अशा जिल्ह्यात शाळेचा संगणक कक्ष हा अनेक विद्यार्थ्यांसाठी संगणकाशी येणारा पहिला आणि कित्येकदा एकमेव संबंध असतो. त्या कक्षातील कामाला मिळणारे गुण विद्यार्थ्याविषयी नेमके काय सांगतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. श्रेणी व गुणव्यवस्थेची वाटचाल :

शासकीय व अनुदानित शाळांत संगणक मोठ्या प्रमाणावर पोहोचण्यास केंद्र शासनाची डिसेंबर २००४ मधील 'शाळांमध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान' ही योजना कारणीभूत ठरली. महाराष्ट्रात ती ५००, २५०० व ५००० शाळा अशा तीन टप्प्यांत, 'बूट' या नावाने परिचित असलेल्या तत्त्वावर राबविण्यात आली. खासगी संस्थेने कक्ष उभारावा, कराराच्या काळात तो चालवावा आणि नंतर शाळेकडे सोपवावा, असे त्याचे स्वरूप होते. संगणक शिक्षकही या करारातूनच येत. करार संपल्यावर यंत्रे शाळेत राहिली. परंतु अनेक ठिकाणी शिक्षक राहिला नाही. परिणामी संगणकाचा तास गणित वा विज्ञानाच्या शिक्षकाकडे गेला आणि त्यासोबत गुणदानाची जबाबदारीही गेली.

याच सुमारास मूल्यमापनाच्या धोरणातही बदल होत होते. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात इयत्ता पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू करण्यात आले. त्यात आकारिक व संकलित असे दोन भाग करण्यात आले. पहिली-दुसरीसाठी त्यांचे प्रमाण ७० व ३० टक्के, तर सातवी-आठवीसाठी ४० व ६० टक्के असे ठरविण्यात आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व इतर अशी आठ साधने आकारिक मूल्यमापनासाठी सुचविण्यात आली. श्रेणी नऊ होत्या : ९१ ते १०० टक्के अ-१, ८१ ते ९० टक्के अ-२, याप्रमाणे उतरत ३३ ते ४० टक्के ड आणि त्याखाली इ-१ व इ-२. पुढे २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद पुन्हा करण्यात आली, तरी निरीक्षण व प्रात्यक्षिक ही मूल्यमापनाची मान्यताप्राप्त साधने होत, ही गोष्ट या निर्णयामुळे शालेय व्यवहारात रुजली.

माध्यमिक स्तरावर चित्र वेगळे होते. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रकावर २०१० च्या दशकात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान हा श्रेणी विषय म्हणून येत असे. श्रेणी विषयांसाठी ६० टक्के व त्याहून अधिक गुणांना अ, ४५ ते ५९ ला ब, ३५ ते ४४ ला क आणि त्याखाली ड अशी चारच पदे होती. या दोन व्यवस्था शेजारी ठेवल्या असता एक विसंगती स्पष्ट होते. आठवीत ६२ टक्के मिळविणारा विद्यार्थी ब-२ श्रेणीत बसत असे. तोच विद्यार्थी त्याच गुणवत्तेवर दहावीत 'अ' ठरत असे. ६१ टक्के आणि ९८ टक्के यांना एकच अक्षर मिळाल्याने त्या अक्षराला भेद दाखविण्याची शक्ती उरली नाही. हा विषय एकूण टक्केवारीत मोजला जात नसल्याने कोणाची तक्रारही नव्हती. ज्या गुणाविषयी कोणाची तक्रार नसते, त्याच्या अचूकतेविषयी कोणाला आस्थाही राहत नाही.

उच्च माध्यमिक स्तरावर माहिती तंत्रज्ञान हा विषय कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांत घेता येतो. त्यात ८० गुणांची परीक्षा संगणकावर, म्हणजे ऑनलाइन होते आणि २० गुण प्रात्यक्षिकाला असतात. बारावीच्या सुधारित अभ्यासक्रमात वेब डिझायनिंग, जावास्क्रिप्ट, पीएचपी, सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, ई-कॉमर्स व ई-गव्हर्नन्स असे घटक आहेत. ८० गुणांच्या आराखड्यात रिकाम्या जागा, चूक की बरोबर, बहुपर्यायी प्रश्न व जोड्या यांना ६० गुण, थोडक्यात उत्तरांना १० आणि प्रोग्राम लिहिण्याला १० गुण अशी विभागणी करण्यात आली. म्हणजे परीक्षा संगणकावर असली तरी तिचा तीन-चतुर्थांश भाग स्मरण व ओळख यांची पारख करतो. विद्यार्थी संगणकासमोर बसतो. परंतु संगणकासमोर बसणे आणि संगणकाकडून काम करून घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसऱ्या गोष्टीची पारख करण्याचा मुख्य भार प्रात्यक्षिकाच्या २० गुणांवर येतो. म्हणून हे २० गुण कसे दिले जातात, याला त्यांच्या संख्येपेक्षा अधिक महत्त्व आहे.

२. संगणक कक्षातील वेळेचे गणित :

गुणदानाचा विचार करण्यापूर्वी विद्यार्थ्याला सरावासाठी प्रत्यक्षात किती वेळ मिळतो हे पाहणे आवश्यक आहे. उदाहरणादाखल ६० विद्यार्थ्यांची एक तुकडी आणि १० चालू संगणक असा कक्ष गृहीत धरू. आठवड्याला दोन तासिका आहेत आणि तुकडीचे तीस-तीसचे दोन गट आळीपाळीने कक्षात येतात. एका यंत्रावर तीन विद्यार्थी बसतात. ३५ मिनिटांच्या तासिकेतील पाच मिनिटे येण्या-बसण्यात व यंत्र सुरू होण्यात गेली, तर ३० मिनिटे उरतात. तिघांना समान संधी मिळाली असे मानले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला दहा मिनिटे येतात. वर्षाचे ३० कार्यसप्ताह धरल्यास ही बेरीज पाच तास होते.

हे पाच तास आदर्श परिस्थितीतील आहेत. त्यातून वीज नसलेले दिवस, बंद पडलेली यंत्रे, सराव परीक्षा व इतर कार्यक्रम वजा करावे लागतात. २००० च्या दशकातील भारनियमनाच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रातील शाळांना तासिका आणि वीज यांची वेळ जुळविणे हेच मोठे काम होते. शिवाय तिघांपैकी ज्याच्या हाती माउस असतो तोच काम करतो आणि उरलेले दोघे पाहतात, हे प्रत्येक संगणक शिक्षकाच्या परिचयाचे आहे. याउलट ज्याच्या घरी संगणक आहे तो विद्यार्थी रोज अर्धा तास बसला, तर वर्षभराचे हे पाच तास दहा दिवसांत पूर्ण करतो.

या गणितातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, गटाने केलेली फाइल ही तिघांपैकी कोणा एकाच्या क्षमतेचा पुरावा ठरत नाही. दुसरी, वेग, सफाई आणि सजावट यांना गुण देणे म्हणजे पुष्कळ अंशी घरच्या संगणकाला गुण देणे होय.

३. छापील प्रत काय सांगते आणि काय लपविते :

ही बाब एका साध्या कृतीच्या आधारे अधिक स्पष्ट करता येईल. स्प्रेडशीटच्या घटकासाठी विद्यार्थ्यांना जिल्ह्यातील पर्जन्यमानाचा तक्ता करण्यास सांगितले आहे, असे समजू. तक्त्यात उमरगा, कळंब, तुळजापूर, धाराशिव, परांडा, भूम, लोहारा व वाशी या आठ तालुक्यांच्या आठ ओळी आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे चार स्तंभ आहेत. पाचव्या स्तंभात प्रत्येक तालुक्याची बेरीज आणि शेवटच्या ओळीत प्रत्येक महिन्याची सरासरी अपेक्षित आहे.

पहिला विद्यार्थी सर्व आकडे नीट भरतो, बेरजा व सरासरी मोबाइलवरील कॅल्क्युलेटरवर काढतो आणि उत्तरे त्या त्या चौकटीत टंकलिखित करतो. तक्त्याला रेघा व रंग देतो. दुसरा विद्यार्थी बेरजेसाठी व सरासरीसाठी सूत्र वापरतो. मात्र सरासरीच्या सूत्रात आठऐवजी सातच ओळींची कक्षा देतो. शेवटची वाशीची ओळ सुटते. त्यामुळे त्याच्या चारही सरासऱ्या चुकतात. त्याचा तक्ता साधाच आहे.

दोघांच्या छापील प्रती शिक्षकाच्या टेबलावर आल्या, तर पहिल्याला २० पैकी २० आणि दुसऱ्याला १५-१६ गुण मिळणे स्वाभाविक आहे. वस्तुतः पहिल्याने स्प्रेडशीटचा उपयोग कागद म्हणून केला आहे. दुसऱ्याने तिचे मर्म जाणले आहे आणि एक सुधारण्याजोगी चूक केली आहे. कागदावर सूत्र दिसत नाही, केवळ त्याचे उत्तर दिसते. त्यामुळे छापील प्रतीवर आधारित गुणदान विश्वसनीय असू शकते, कारण दोन परीक्षक एकाच प्रतीला जवळपास सारखे गुण देतील. परंतु ते सप्रमाण नसते, कारण जे मोजायचे ते त्यात मोजलेच जात नाही. विश्वसनीयता म्हणजे सप्रमाणता नव्हे, हे शैक्षणिक मापनातील जुने तत्त्व येथे स्पष्टपणे दिसते.

आता हेच दोन तक्ते संगणकावर उघडून भूम तालुक्याच्या जुलैच्या पावसात दहा मिलिमीटरची वाढ करावी. पहिल्याच्या तक्त्यात काहीही बदलत नाही. दुसऱ्याच्या तक्त्यात भूमची बेरीज आणि जुलैची सरासरी तत्काळ बदलते. पुढे वाशीचा आकडा बदलावा. दुसऱ्याच्या तक्त्यात वाशीची बेरीज बदलते, सरासरी मात्र हलत नाही. येथे थांबून त्याला 'असे का झाले असावे?' एवढेच विचारावे. तो सूत्र उघडून कक्षा पाहतो व ती दुरुस्त करतो की नाही, यातून त्याच्या आकलनाची जी माहिती मिळते ती छापील प्रतीच्या दहा पानांतूनही मिळणार नाही. या पद्धतीस प्रस्तुत लेखात 'बदल-चाचणी' असे संबोधले आहे.

४. प्रात्यक्षिक वही आणि नकलेचा प्रश्न :

प्रात्यक्षिक वहीच्या बाबतीतही असेच घडते. विज्ञानाच्या वहीत विद्यार्थी आपल्या निरीक्षणांची नोंद करतो. संगणकाच्या वहीत मात्र बहुधा प्रोग्राम फळ्यावरून, पुस्तकातून वा मित्राच्या वहीतून उतरविला जातो. एचटीएमएलचा पंधरा ओळींचा प्रोग्राम हाताने सुवाच्य लिहिणे हे लेखनकौशल्य आहे. त्यातील एखादा टॅग काढला तर पानावर काय होईल हे सांगता येणे हे संगणकाचे कौशल्य आहे. वही पूर्ण असणे ही नियमितपणाची खूण होय आणि तेवढ्यापुरते तिला गुण असावेत. परंतु वहीच्या पूर्णतेवर प्रात्यक्षिकाचे बहुतांश गुण अवलंबून राहिले, तर नियमितपणा आणि क्षमता यांची गल्लत होते.

नकलेचा प्रश्न केवळ ग्रामीण शाळांपुरता वा केवळ भारतापुरता मर्यादित नाही. प्रोग्रामिंगच्या कामाचे गुणदान यंत्राकडून करून घेण्याचा प्रयत्न अमेरिकेतील रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये जॅक हॉलिंग्जवर्थ यांनी केला व त्याविषयीचा त्यांचा लेख १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोग्राममधील साम्य शोधणारी 'मॉस' ही प्रणाली १९९४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अ‍ॅलेक्स एकन यांनी विकसित केली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या स्वयंचलित तपासणीचे मूळ तत्त्व सोपे आहे : विद्यार्थ्याच्या प्रोग्रामला त्याने न पाहिलेली माहिती द्यावी आणि उत्तर बरोबर येते का ते पाहावे. भूमच्या पावसाचा आकडा बदलून पाहणे ही याच तत्त्वाची कोणत्याही विशेष यंत्रणेविना करता येणारी कृती आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी ही प्रणाली सर्वांसाठी खुली झाल्यापासून या प्रश्नाला नवे परिमाण लाभले आहे. मोबाइलवर मागणी करताच निर्दोष प्रोग्राम मिळू लागल्याने घरून करून आणलेल्या कामाचे पुराव्याचे मूल्य आणखी घटले आहे. अशा साधनांवर बंदी घालून हा प्रश्न सुटणारा नाही. विद्यार्थ्याने आणलेल्या कामात त्याच्याकडूनच, शिक्षकासमोर एक छोटा बदल करवून घेणे हा त्यावरील साधा आणि विनाखर्चाचा उपाय आहे.

५. निरीक्षणाधारित गुणदानाची रचना :

वरील विवेचनाच्या आधारे प्रात्यक्षिकाच्या २० गुणांसाठी पुढील रचना सुचविता येईल. निकष विद्यार्थ्यांना वर्षारंभीच सांगून संगणक कक्षाच्या भिंतीवर लावावेत, हे गृहीत धरले आहे.

(१) मांडणी (४ गुण) : माहिती योग्य ठिकाणी, योग्य शीर्षकासह व पूर्ण भरलेली असणे. रंग, सजावट व वेग यांना स्वतंत्र गुण नसावेत.

(२) प्रक्रिया (६ गुण) : उत्तर ज्या मार्गाने मिळाले तो मार्ग. सूत्र, टॅग वा आज्ञा यांचा योग्य वापर. उत्तर चुकले तरी मार्ग योग्य असल्यास गणिताप्रमाणे पायरीचे गुण द्यावेत.

(३) बदल-चाचणी (५ गुण) : शिक्षकाने सुचविलेला एक छोटा बदल विद्यार्थ्याने स्वतः करून दाखविणे व त्याचा परिणाम सांगणे.

(४) चूक शोधणे (३ गुण) : स्वतःच्या कामातील, अथवा शिक्षकाने मुद्दाम ठेवलेली चूक ओळखून दुरुस्त करणे.

(५) तोंडी स्पष्टीकरण (२ गुण) : केलेल्या कामाविषयी एक-दोन वाक्ये, मातृभाषेत.

ही रचना पूर्वोक्त दोन विद्यार्थ्यांना लावून पाहता पहिल्याला मांडणीचे ४, प्रक्रियेचा १, बदल-चाचणीचे ०, चूक शोधण्याचा १ व तोंडीचा १ असे एकूण ७ गुण मिळतील. दुसऱ्याला अनुक्रमे ३, ४, ४, ३ व २ असे १६ गुण मिळतील. म्हणजे पहिल्याचे ३५ टक्के व दुसऱ्याचे ८० टक्के होतात. छापील प्रतीने लावलेला क्रम येथे पूर्णतः उलटतो. पहिल्या विद्यार्थ्याचे काय सुटले हेही यातून नेमके कळते आणि पुढच्या तासिकेत त्याला सूत्राचा सराव द्यावा, असा निष्कर्ष निघतो. आकारिक मूल्यमापनाचा मूळ हेतू हाच आहे.

या रचनेतील दोन बाबींचे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पहिली भाषेची. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला त्यांचे शब्दलेखन जड जाते. प्रोग्राममध्ये चुकलेले अक्षर यंत्र स्वीकारत नाही, त्यामुळे ती चूक दुर्लक्षिता येत नाही. परंतु ती आकलनाची चूक समजू नये. 'टेबलची नवी ओळ येथे सुरू होते' असे मराठीत सांगणाऱ्या विद्यार्थ्याने संबंधित टॅगचे एखादे अक्षर चुकविले असेल, तर त्याचे गुण चूक शोधण्याच्या निकषात मोजावेत, प्रक्रियेत नव्हे. दुसरी बाब यंत्राची. अडकणारा कीबोर्ड, मध्येच बंद पडणारे यंत्र, गेलेली वीज यांचा भार विद्यार्थ्याच्या गुणांवर पडता कामा नये. अशा वेळी त्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी नवी कृती देण्याची तरतूद निकषांतच लिहून ठेवावी.

६. व्यवहार्यतेविषयीचे आक्षेप :

या पद्धतीवर पहिला आक्षेप वेळेचा घेतला जाईल व तो रास्त आहे. तथापि हिशेब केला असता अडचण दिसते तेवढी मोठी नाही. बदल-चाचणी व तोंडी स्पष्टीकरण यांना प्रत्येकी दोन मिनिटे धरली, तर तीस विद्यार्थ्यांच्या गटाला ६० मिनिटे, म्हणजे साधारण दोन तासिका लागतात. सत्रातून दोनदा हे केल्यास चार तासिका खर्ची पडतात. तीस वह्यांची प्रत्येक पानावर सही करीत तपासणी करण्यास लागणारा वेळही याहून फारसा कमी नसतो. उर्वरित निकषांसाठी दैनंदिन तासिकेतच पडताळा सूचीवर खुणा करता येतात.

दुसरा आक्षेप असा की, आधी परीक्षा दिलेला विद्यार्थी पुढच्याला प्रश्न सांगेल. बदल-चाचणीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. एकाला भूमचा आकडा, दुसऱ्याला नवा स्तंभ, तिसऱ्याला एखाद्या तालुक्याची ओळ वगळणे असे बदल देता येतात. बदल माहीत असला तरी तो करून दाखवावा लागतो. आणि मित्राकडून शिकून तो करता आला, तर तेही शिकणेच होय.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रात्यक्षिकाचे गुण हे ग्रामीण विद्यार्थ्याच्या एकूण टक्केवारीला मिळणारा आधार असतो. तो का काढून घ्यावा, असे अनेक शिक्षकांना मनापासून वाटते. सर्वांना १८ ते २० गुण देण्यामागे आळस नसून आपुलकी असते, हे मान्य केले पाहिजे. तथापि या आपुलकीची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. सर्वांना सारखेच गुण मिळाले की कोणाला मदतीची गरज आहे हे कळत नाही. ज्याच्या घरी संगणक आहे त्याचे त्यामुळे काही बिघडत नाही, कारण त्याचे शिकणे शाळेबाहेर चालूच असते. ज्याचे शिकणे सर्वस्वी त्या पाच तासांवर अवलंबून आहे, त्याच्या न शिकण्यावर मात्र वीसपैकी एकोणीस गुणांचे पांघरूण पडते. शिवाय सुचविलेली रचना गुण कापण्यासाठी नाही. वर्षभरात एकच कृती पुन्हा करून अधिक गुण मिळविण्याची मुभा ठेवली आणि अखेरचे सर्वोत्तम गुण ग्राह्य धरले, तर आपुलकी व अचूकता या दोन्ही गोष्टी साधता येतात.

७. महाविद्यालयीन स्तराशी असलेला संबंध :

हा विषय शालेय असला तरी महाविद्यालयीन प्राध्यापकांशी त्याचा निकटचा संबंध आहे. जिल्ह्यातील अनेक वरिष्ठ महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालये जोडलेली आहेत. माहिती तंत्रज्ञान विषयाची प्रात्यक्षिके अशा ठिकाणी त्याच परिसरात होतात. बारावीत प्रात्यक्षिकाला पूर्ण गुण मिळविलेला विद्यार्थी पदवीच्या प्रथम वर्षाला येतो तेव्हा त्याचे गुणपत्रक त्याला संगणक येतो असे सांगते आणि अध्यापक तेथून पुढे शिकवू लागतात. फाइल कोठे साठविली गेली हे न कळणारा विद्यार्थी अशा वर्गात गप्प बसतो. न येणे कबूल करणे त्याला अधिक अवघड जाते, कारण येते असे लेखी प्रमाणपत्र त्याच्याजवळ असते. बीसीए वा बीएस्सी संगणकशास्त्र या अभ्यासक्रमांत तर हा विद्यार्थी पहिल्याच सत्रात मागे पडण्याचा धोका असतो.

यावर महाविद्यालयीन विभागांना दोन गोष्टी सहज करता येतील. प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकी पाच मिनिटांची नैदानिक कृती घेऊन, तिला कोणतेही गुण न देता, सरावाचे गट करावेत. तसेच परिसरातील शाळांच्या संगणक शिक्षकांसमवेत वर्षातून एकदा एकत्र बसून विद्यार्थ्यांच्या नमुना फाइली समान निकषांवर तपासाव्यात. दोन परीक्षकांचे गुण कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत याची चर्चा झाली की निकषांतील संदिग्धता आपोआप पुढे येते. गणित वा विज्ञानाच्या ज्या शिक्षकाकडे हा विषय ऐनवेळी आला आहे, त्याला अशा बैठकीचा सर्वाधिक लाभ होईल.

समारोप :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक स्तरापासून कोडिंगची ओळख सुचविण्यात आली आहे. त्यामुळे संगणकविषयक कामाच्या मूल्यमापनाचा प्रश्न पुढील काळात अधिकाधिक वर्गांपर्यंत पोहोचणार आहे. एकूण विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. संगणकाच्या कामाचे छापील फलित हा विद्यार्थ्याच्या क्षमतेचा पुरेसा पुरावा नव्हे. सामायिक यंत्रावर झालेल्या कामाला वैयक्तिक गुण देताना वैयक्तिक निरीक्षण अपरिहार्य आहे. सजावट व वेग यांना दिलेले गुण घरच्या सोयीसुविधांकडे झुकतात, तर प्रक्रिया, बदल व दुरुस्ती यांना दिलेले गुण आकलनाकडे झुकतात. ही रीत अवलंबिण्यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत. पूर्वघोषित निकष, एक पडताळा सूची आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी दोन मिनिटांचे लक्ष एवढे पुरेसे आहे. आठवड्याला दहा मिनिटे संगणक हाताळणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती दोन मिनिटे ही केवळ परीक्षा नसते. त्याने काय केले हे शिक्षकाने त्याच्या शेजारी उभे राहून पाहिलेले असते आणि मिळालेला गुण, तो कमी असो वा अधिक, त्याचा स्वतःचा असतो.